वरून खाली की खालून वर?

फोपनारहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव बुऱ्हाणपुरास संगणकाचे शिक्षण घेत आहेत. गावातील महिला बचत गटाची वही अनेक वर्षे एकाच बाईंच्या हाती होती. आता त्यांची दृष्टी मंदावली आहे, म्हणून गटाने या मुलाला हिशेबाची आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्राम, तयार करण्यास सांगितले. मुलाने होकार दिला आणि तेथेच अडचण उभी राहिली. त्याचे शिक्षक सांगतात, "आधी संपूर्ण कामाचा आराखडा कर आणि मग पायरीपायरीने खाली उतर." पुण्यास नोकरीला असलेला मामेभाऊ सांगतो, "आधी लहान लहान तुकडे पक्के कर, घर आपोआप उभे राहते." या वादात दोन महिने गेले. भगिनी विचारतात, "खरे कोणाचे? आणि या दोघांच्या भांडणात आम्हा बायकांचे पैसे तर अडकणार नाहीत ना?"

यांतला पहिला प्रश्न संगणकशास्त्राच्या इतिहासाएवढा जुना आहे. दुसरा अधिक महत्त्वाचा असून त्याचे उत्तर पहिल्याच्या उत्तरात दडलेले आहे, म्हणून आजचे सदर आम्ही या पत्रास वाहिले आहे.

संगणकास स्वतःची अक्कल नसते, हे वाचकांस ठाऊक आहेच. सुनेला "आज पाहुणे येणार आहेत" एवढे सांगितले की पुरते. बाकीचे ती जाणते. संगणकास मात्र पाणी कोठून आणावे, चूल कशी पेटवावी आणि भात शिजला हे कशावरून ओळखावे, येथपर्यंत सारे लिहून द्यावे लागते. अशा शेकडो, हजारो, कधी लाखो आज्ञांची मांडणी करताना सुरुवात कोणत्या टोकाकडून करावी, एवढाच हा वाद आहे.

आपण बचत गटाचेच उदाहरण घेऊ. समजा, गटात १२ बायका आहेत आणि प्रत्येकीची महिन्याची बचत २०० रुपये आहे. म्हणजे महिन्यास २,४०० आणि वर्षास २८,८०० रुपये जमतात. त्यांतून गरजवंत बाईस महिना शेकडा २ रुपये व्याजाने कर्ज मिळते. एका बाईने ५,००० रुपये घेतले असून ती दरमहा ५०० रुपये मुद्दल आणि त्यावरचे व्याज भरते, असे धरू.

शिक्षकांच्या रीतीने चालणारा मुलगा कागदाच्या माथ्यावर एकच ओळ लिहील : "महिन्याच्या सभेचा हिशेब पुरा कर." या एका आज्ञेच्या तो चार करील. बचत जमा करून घे, कर्जाचा हप्ता घे, नवे कर्ज दे, शिल्लक सांग. मग हप्ता घेण्याच्या आज्ञेच्या पुन्हा तीन होतील. व्याज काढ, मुद्दल वजा कर, पावती लिही. असे उतरत उतरत शेवटी संगणकास थेट कळेल अशा बेरीज-वजाबाकीपर्यंत तो पोहोचेल. प्रत्येक टप्प्यावर सारे काम त्याच्या डोळ्यांसमोर असते, हा या रीतीचा मोठा गुण होय. कोठे काय राहिले ते लगेच दिसते आणि सभेतील बायकांनाही तो कागद वाचून दाखविता येतो. एखादी म्हणेल, "अरे, उशिरा येणाऱ्या बाईचा दंड कोठे लिहिलास?" काहीही बांधण्याआधी चूक सापडते ती अशी.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. वरचा भाग लिहून झाला आणि खालचा अजून व्हायचा असला, तर मधल्या काळात तो भाग चालवून पाहायचा कसा? यासाठी प्रोग्राम लिहिणारे लोक एक युक्ती करतात. "व्याज काढ" या जागी ते एक नामधारी तुकडा बसवितात. त्यास काहीही विचारा, तो आपला "१०० रुपये" असेच उत्तर देतो. वरचा भाग चालतो, पावती छापून येते, पाहणारे माना डोलावतात. परंतु व्याज काही खरे नसते. असा नामधारी तुकडा विसरून तसाच राहून गेला, तर हिशेब देखणा होईल आणि खोटाही होईल. या रीतीत वरवरचे काम लवकर चांगले दिसू लागते व सर्वांत अवघड ते तळाशी लपून राहते. हा तिचा दोष.

आता मामेभावाची रीत पाहू. तो म्हणेल, आधी व्याजाचा तुकडा कर. ५,००० रुपये आणि शेकडा २ दिले की १०० आले पाहिजेत. आले? ठीक. मग तारखेचा तुकडा, मग बेरजेचा, मग पावतीचा. प्रत्येक वीट भाजून आणि वाजवून घ्यावी. या रीतीने काम करणाऱ्यास पहिल्याच दिवशी काहीतरी खरे चालणारे हाती लागते. शिवाय पक्की वीट दुसऱ्या घरासही चालते. याच तुकड्यांवर उद्या दूध संस्थेचा किंवा केळीच्या मजुरीचा हिशेब बसविता येईल.

मग अडते कोठे? आपल्या बाईने पहिल्या महिन्यात १०० रुपये व्याज आणि ५०० रुपये मुद्दल दिले. आता तिचे कर्ज ४,५०० उरले, म्हणून दुसऱ्या महिन्याचे व्याज ९० रुपये. पुढे ८०, ७०, असे कमी होत दहाव्या महिन्यास १० रुपये. दहा महिन्यांचे एकूण व्याज ५५० रुपये होते. पण व्याजाच्या तुकड्यास जो तो "रक्कम" म्हणून हाक मारतो. ही रक्कम मूळ कर्जाची की उरलेल्या कर्जाची, हे तुकड्याने कोणाला विचारायचे? जोडणाऱ्याने चुकून मूळ ५,००० रुपयेच दरमहा त्याच्या हाती दिले, तर दर महिन्यास १०० या हिशेबाने दहा महिन्यांत १,००० रुपये व्याज वसूल होईल. एका गरीब बाईकडून ४५० रुपये जास्त! आणि गंमत अशी की तुकडा निर्दोष आहे. त्यास कितीही वेळा तपासा, तो बरोबरच उत्तर देईल. वीट पक्की होती, सांधा चुकला. खालून वर जाणाऱ्या रीतीचा धोका बहुधा असा सांध्यांत असतो.

आमच्या भगिनींनी विचारलेले पैसे अडकतात ते येथे.

हा वाद केवळ फोपनारच्या घरातला नव्हे. इंग्लंडात केंब्रिज येथे १९४९ साली एडसॅक नावाचा संगणक चालू झाला, तेव्हा तेथील मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल या मंडळींनी वारंवार लागणाऱ्या आज्ञांच्या तुकड्यांचे एक ग्रंथालयच उभारले. त्यावर १९५१ साली त्यांनी पुस्तकही प्रसिद्ध केले. ही खालून वर जाण्याची आदिरीत म्हणावी लागेल. त्या काळी संगणकाची स्मरणशक्ती इतकी तोकडी होती की प्रत्येक आज्ञा मोजूनमापून वापरणे भाग होते.

आपल्या देशातही हेच घडत होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका लहानशा तुकडीने संगणक बांधावयास घेतला. त्यांनी एकदम मोठ्या यंत्रास हात घातला नाही. प्रथम एक लहान पथदर्शक यंत्र उभारले. ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. त्यावर हात बसल्यावर मगच मोठे यंत्र हाती घेतले. ते १९६० साली कामास लागले आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे नाव टिफ्रॅक असे ठेविले. त्या यंत्राच्या स्मरणात ४० अंकी २,०४८ शब्द एवढीच जागा होती. आज आपल्या खिशातील फोनमध्ये एखादे छायाचित्र ठेवण्यास याच्या कित्येक पट जागा लागते. आधी लहान चालते करून पाहावे आणि मग मोठे बांधावे, हा धडा मुंबईच्या त्या तरुणांनी कोणत्याही पुस्तकाविना गिरविला. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तत्पूर्वी संगणक डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

पुढे यंत्रे मोठी झाली आणि आज्ञावल्या त्याहून मोठ्या. कामे वेळेत होईनात, झाली तर चुकांनी भरलेली असत. १९६८ साली जर्मनीत गार्मिश येथे या संकटाचा विचार करण्यासाठी एक परिषद भरली. त्यानंतरच्या काही वर्षांत वरून खाली उतरण्याच्या रीतीला मोठा मान मिळाला. स्वित्झर्लंडचे निक्लाऊस विर्थ यांनी १९७१ साली एका लेखात, बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांच्या माऱ्यात न येतील असे कसे मांडावेत, हे कोडे घेऊन पायरीपायरीने आज्ञावली कशी उतरवावी ते दाखविले. त्याच सुमारास अमेरिकेत आयबीएम कंपनीने न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राच्या जुन्या कात्रणांची सूची करणारी सुमारे ८३ हजार ओळींची आज्ञावली याच वळणाने लिहिली. काम वेळेच्या मानाने चांगले उतरले आणि या रीतीची कीर्ती झाली.

येथे एक मौज सांगण्याजोगी आहे. वरून खाली उतरण्याच्या शिस्तीचे मोठे पुरस्कर्ते म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या हॉलंडच्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी स्वतः आइंडहोव्हेन येथे १९६८ च्या सुमारास संगणकाची जी मूलभूत प्रणाली रचली, ती थरावर थर चढवीत, खालून वर बांधली होती. तळाचा थर पक्का, मग त्यावर दुसरा, मग तिसरा. बोलताना एक रीत आणि करताना दुसरी, अशी ही विसंगती नव्हे. तळाशी काय आहे हे त्यांस पक्के ठाऊक होते, म्हणून तेथून सुरुवात करणे त्यांस परवडले. दुसऱ्या बाजूस अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत १९७३ साली युनिक्स प्रणालीत डग मॅकिलरॉय यांच्या कल्पनेवरून एक सोय आली. एका लहान आज्ञावलीचे उत्तर नळाप्रमाणे थेट दुसरीत सोडता येऊ लागले. एकेक काम नीट करणारे लहान तुकडे आणि त्यांना जोडणारा नळ! खालून वर जाणाऱ्यांचा तो विजय होता आणि आजही जगातील बहुतेक मोठ्या संगणकांत तो नळ वाहत आहे.

बुऱ्हाणपूरच्या परिसरातील वाचकांस नळ म्हटल्यावर कुंडी भंडारा आठवल्यावाचून राहणार नाही. कोणी त्यास खुनी भंडाराही म्हणतात. अब्दुर्रहीम खानखाना यांच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, तबकतुल अर्ज या इराणी जाणकाराच्या मार्गदर्शनाने सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी शहराकडे आणण्यासाठी हे काम झाले. शंभराहून अधिक कुंड्या आणि त्यांना पोटातून जोडणारा बोगदा, असे त्याचे स्वरूप आहे. पाणी उपसावे लागत नाही. ते आपल्या उतारानेच वाहते.

असे काम कोणत्या टोकाकडून सुरू करावे? फोपनारच्या मुलाला पडलेलाच हा प्रश्न. इराणात हे बोगदे बांधणाऱ्या कारागिरांची जुनी वहिवाट अशी की प्रथम डोंगराच्या बाजूस एक खोल विहीर खणावयाची. पाणी लागते का आणि किती लागते, एवढेच तिच्यावरून पाहावयाचे. पाणीच नसेल तर पुढचा सारा आराखडा व्यर्थ! पाणी लागले की मग त्या विहिरीपासून गावापर्यंतचा संपूर्ण उतार मोजावयाचा, कुंड्यांच्या जागा ठरवावयाच्या आणि मगच गावाच्या बाजूने बोगदा खणीत वर चढावयाचे. उतार हा कोणत्याही एका कुंडीत नसतो. प्रत्येक कुंडी आपापल्या जागी उत्तम खणली आणि उतार मोजला नाही, तर शंभर उत्तम विहिरी होतील, पाणी मात्र गावात येणार नाही.

या वहिवाटीत मला उत्तर दिसते. जे खात्रीचे नाही त्याची एक विहीर आधी खणून पाहावी. ते कळले की संपूर्ण उतार वरून ठरवावा. मग खणणे कोणत्याही बाजूने चालू द्यावे. शिक्षक आणि मामेभाऊ हे दोघेही अर्धे अर्धे खरे सांगत आहेत. तरीही निवड करावीच लागली, तर बचत गटाच्या कामापुरता माझा कौल शिक्षकांकडे थोडा अधिक झुकतो, कारण या कामातील अवघड भाग गणिताचा नाही. तेथे व्याज काढणे इयत्ता सातवीचे आहे. अवघड आहे ते बायकांनी वर्षानुवर्षे तोंडी पाळलेले नियम उघड करणे. कर्ज महिन्याच्या २० तारखेस दिले आणि सभा पुढच्या ५ तारखेस असली, तर व्याज पुऱ्या महिन्याचे की पंधरा दिवसांचे? हप्ता अर्धाच आणला, तर तो आधी व्याजात जमा करावयाचा की मुद्दलात? पैशांचा हिशेब रुपयात आणताना ५० पैसे वर धरावयाचे की खाली? आजवर वही लिहिणाऱ्या बाईंनी हे सारे आपल्या विवेकाने सोडविले असेल, आणि बरेचदा एखादीच्या घरची अडचण पाहून थोडे सोडूनही दिले असेल. हा विवेक वहीत कोठेही लिहिलेला नाही. संगणक तो आपण होऊन शिकणार नाही.

म्हणून आराखडा वरून करावा, पण तो करताना त्या वृद्ध बाईंस शेजारी बसवावे. आणि व्याजाचा तुकडा मात्र मामेभावाच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्याच आठवड्यात पुरा करावा, नामधारी ठेवू नये. त्यास जुन्या वहीतील एका फिटलेल्या कर्जाचे आकडे द्यावेत. वही ५५० म्हणत असेल आणि संगणक १,००० म्हणत असेल, तर सांधा कोठे निखळला ते तेथेच कळेल. बेरीज चुकली नसता उत्तर वेगळे आले, तर वहीतला एखादा न लिहिलेला नियम सापडला असे समजावे.

(फोपनारचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांस वेगळ्याच कारणाने परिचित आहे. १९६४ साली तेथे बुद्धाच्या प्राचीन धातुमूर्तींचा ठेवा सापडला आणि त्यांतील मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळतात. मेणाची मूर्ती घडवून तीवर मातीचा लेप द्यावयाचा आणि मेण वितळवून त्या जागी धातू ओतावयाचा, ही आपल्याकडील ओतकामाची जुनी रीत. तीत धातूचा पहिला थेंब पडण्याआधी संपूर्ण मूर्ती मेणात उभी असावी लागते. शिक्षकांना हे उदाहरण आवडेल!)

मोठ्या कामात दोन्ही रीती कशा एकत्र येतात, याचे उदाहरण बुऱ्हाणपूरच्या रेल्वे स्थानकावरही दिसते. एके काळी दुसऱ्या गावाहून सुटणाऱ्या गाडीत परतीची जागा मिळवावयाची तर तार करावी लागे, आणि उत्तर येईल की नाही याची शाश्वती नसे. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात रेल्वेने संगणकावर आरक्षण सुरू केले, पण साऱ्या देशात एकदम नव्हे. प्रथम दिल्लीस एक केंद्र नीट चालविले. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथे तशी केंद्रे उभी राहिली. प्रत्येक केंद्र आपापल्या परीने उत्तम होते, परंतु मुंबईच्या खिडकीस दिल्लीच्या गाडीतील जागा दिसत नसे. शंभर चांगल्या विहिरी आणि उतार नाही, अशी ती स्थिती होती. ती पाच केंद्रे जोडण्यासाठी रेल्वेच्याच क्रिस या संस्थेस कॉन्सर्ट नावाची नवी प्रणाली रचावी लागली, आणि ही जोडणी १९९९ साली पूर्ण झाली. आता खिडकीवरचा कारकून देशातील कोणत्याही गाडीचे तिकीट काढून देतो, आणि ज्यांच्या हाती फोन आहे त्यांना खिडकीवरही जावे लागत नाही.

पहिले केंद्र चालल्यावाचून दुसऱ्यास कोणी पैसे दिले नसते. म्हणून खालून सुरुवात झाली ते योग्यच झाले. पण जोडणीचा विचार आरंभीच अधिक झाला असता, तर मधला खटाटोप काही अंशी वाचला असता, असे मला वाटते. अर्थात, आज मागे वळून असे म्हणणे सोपे आहे.

गटाच्या सभेपुढे मुलाने काय न्यावे, हे सांगून थांबतो. पडद्यावरचे रंगीत चित्र नेऊ नये. एक कागद न्यावा. त्यावर वरपासून खालपर्यंत सारे नियम साध्या मराठीत लिहिलेले असावेत, आणि शेजारी तीन बायकांचे खरे हिशेब असावेत : एकीचे कर्ज फिटलेले, एकीचे चालू, एकीने कधीच न घेतलेले. सभेने तो कागद वाचून घ्यावा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि मग सह्या व अंगठे व्हावेत. त्यानंतरचे तीन महिने वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत. दोहोंची शिल्लक एक रुपयाने जरी वेगळी आली, तरी त्या महिन्यापुरती वही खरी धरावी आणि मुलाने आपला सांधा शोधावा.